वाघमोडे सरांचे दहा शोधनिबंध

लायब्ररीत माणूस वर्षानुवर्षं बसला की त्याच्याकडं दोन गोष्टी साठतात. एक धूळ आणि दुसरे किस्से. धुळीसाठी संस्थेनं व्हॅक्युम क्लीनर दिलाय, तो आणल्या दिवसापासून बंद आहे. किश्श्यांचं काय करायचं ते कुणीच सांगितलेलं नाही, म्हणून मी ते भेटेल त्याला सांगत सुटते. परवा नणंदेकडं हळदीकुंकवाला एक सांगायला घेतला आणि सहा झाले. बायका वाण घ्यायचं विसरून बसल्या!

मी इंदापूर तालुक्यातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. माहेर बारामती, सासर अंथुर्णे, आणि नोकरी मधल्या एसटीत, असं आमचे हे म्हणतात. आमच्या कॉलेजची एक संशोधनपत्रिका आहे. वर्षातून दोनदा निघते. ठिकठिकाणचे प्राध्यापक आपल्या संशोधनावर निबंध लिहितात, आम्ही ते तपासतो, बरे असले तर छापतो. मुख्य संपादक भूगोलाचे वाघमोडे सर, सहसंपादक मी. मजकूर कुठून उचललाय का ते पकडणारं सॉफ्टवेअर लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर आहे आणि त्याचा पासवर्ड फक्त मला माहीत आहे, एवढ्यावर मला हे पद मिळालं.

आता वाघमोडे सरांचं थोडं सांगायला हवं. आमच्याकडं प्राचार्यांची जागा रिकामी होती आणि सरांना प्राचार्य व्हायचं होतं. ही इच्छा ते कधी लपवत नसत. त्यांचे वडील याच कॉलेजात शिपाई होते. सगळी नोकरी प्राचार्यांच्या केबिनबाहेर स्टुलावर बसून झाली. "मॅडम, एकदा त्या केबिनच्या आत बसायचंय," सर म्हणायचे, "मग दुसऱ्या दिवशी रिटायर केलं तरी चालेल." त्या पदासाठी नियमानं दहा शोधनिबंध लागतात. सरांचे बरोबर दहा होते. अकरावा लिहायला वेळच नव्हता, कारण सर दुसऱ्यांचे तपासत बसायचे!

आणि घोळ तिथंच होता. आमच्या भागात प्रत्येक लेखक हा कुणाचा तरी कुणीतरी असतो. एक निबंध परत पाठवला की सरांच्या केबिनचं दार बोटभर लांब जायचं. मी म्हणायचे, "सर, थोडं सबुरीनं घ्या." सर म्हणायचे, "नियम तो नियम." एवढं बोलून ते निबंध परत पाठवायचे, आणि पाकिटावर पत्ता मला लिहायला लावायचे.

*

नियम असा, की निबंध तपासणाऱ्याला लेखकाचं नाव कळू द्यायचं नाही आणि लेखकाला तपासणाऱ्याचं. मी अगदी मनापासून नावं काढायची. फाइलच्या आतली खूणसुद्धा पुसायची.

एकदा अंथुर्ण्याच्या एका तरुण प्राध्यापकाचा निबंध आला, विहिरींच्या पाण्याच्या पातळीवर. आम्ही नाव काढून तो बारामतीच्या एका जाणत्या सरांकडं तपासायला पाठवला. आठ दिवसांत अहवाल परत! मी खूश. सरांनी मोठ्यानं वाचायला घेतला.

"निबंधाची मांडणी चांगली आहे. निरीक्षणं नेमकी आहेत. दुसरा तक्ता पुन्हा तपासावा. आणि लेखकाला सांगावं की आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आता पुढं ढकलू नये."

सरांनी चष्मा काढला. मी लगेच त्या सरांना फोन लावला. म्हटलं, "सर, लेखक कोण ते तुम्हाला कसं कळलं?"

"अवो मॅडम, कॅनॉलच्या कडंची चिंचंखालची विहीर लिवलीय त्यानं. ती विहीर खणताना मी हुतो!"

तेव्हापासून आम्ही निबंध विदर्भात पाठवायला लागलो.

*

शेजारच्या एका कॉलेजातल्या कॉमर्सच्या सरांचा निबंध मी सॉफ्टवेअरला लावला. अडुसष्ट टक्के मजकूर दुसरीकडचा निघाला. आमची मर्यादा दहाची. मी त्यांना बोलावून घेतलं आणि रिपोर्ट पुढं ठेवला. लाल रंगानं सगळं पान कुंकवासारखं भरलेलं.

ते जरासुद्धा गडबडले नाहीत. खुर्ची पुढं ओढली आणि आवाज खाली आणला. "मॅडम, बोला. कितीपर्यंत जमंल?"

"दहा टक्के."

"असं तोडून बोलू नका. पन्नासला सोडा."

"अहो सर, मी कोण सोडणारी? दहा म्हणजे दहा."

"बरं, चाळीस. आपलं घरचं मासिक हाय म्हनून चाळीस."

मी मान हलवली. ते उठल्यासारखं करून परत बसले. "जाऊं द्या. तुमचं न्हाय आन माजं न्हाय, पंचवीस! फायनल!"

त्यांच्या घरी जनावरांच्या बाजाराचा पिढीजात धंदा. आणखी दोन मिनिटं बसले असते तर बैलाचा भाव ठरवताना करतात तसं त्यांनी माझ्या हातावर रुमाल टाकून बोटं दाबली असती!

पंधरा दिवसांनी तोच निबंध सुधारून आला. सॉफ्टवेअर म्हणालं चार टक्के. मला आश्चर्य वाटलं, म्हणून सरांना वाचायला दिला. सर वाचता वाचता उभे राहिले. गृहस्थांनी प्रत्येक शब्दाच्या जागी दुसरा शब्द घातला होता. हरितक्रांतीची झाली होती 'हिरवी उलथापालथ'. ठिबक सिंचनाचा 'थेंबाथेंबाचा ओलावा'. आणि सहकारी साखर कारखाना म्हणजे 'एकमेकांना मदत करणारा गोड उद्योग'.

सरांनी त्यांना फोन करून विचारलं, "अहो, हे वाचून कुणाला काय कळणार?"

तिकडून शांत उत्तर आलं, "सर, मूळचं तरी मला कुठं कळलं हुतं!"

*

लग्नपत्रिका आणि शोधनिबंध यांत आमच्याकडं फारसा फरक करत नाहीत.

एक निबंध आला, पानं चार आणि लेखक अकरा. विषय शेततळ्यातल्या शेवाळाचा. तो स्वीकारायचं ठरतंय तोवर फोन सुरू झाले. तिसऱ्या नंबरच्याला पहिला हवा, सहाव्या नंबरचा म्हणतो मी वयानं मोठा आहे, आणि ज्यांचं नाव राहिलं ते बारावे गृहस्थ रुसून बसले. "आमचं नाव खाली टाकलं असतं तरी चाललं असतं, पन टाकलंच न्हाय!" एकानं तर वरती मधोमध संस्थेच्या अध्यक्षांचं नाव 'यांच्या आशीर्वादाने' असं टाकायला सांगितलं. 'आमच्या सरांच्या निबंधाला यायचं हं' एवढंच खाली लिहायचं राहिलं होतं.

सरांनी नियम काढला. प्रत्येक लेखकानं निबंधात नेमकं काय काम केलं ते लेखी द्यायचं. काम नसेल तर नाव कट.

यादी आली. पहिल्यानं नमुने गोळा केले, दुसऱ्यानं तपासले, तिसऱ्यानं टाइप केलं. इथवर ठीक. चौथ्यानं मोटरसायकल दिली. पाचव्याचं शेततळं. सहाव्याचा नैतिक पाठिंबा. आणि सातव्यापासून अकराव्यापर्यंत कंस करून एकच ओळ लिहिलेली:

"सदर लेखास यांचा विरोध नव्हता."

*

हा छोटासा आहे. डाळिंबावरच्या तेल्या रोगाचा एक निबंध आम्ही लांबच्या एका परीक्षकांना पाठवला. त्यांचा अभिप्राय आला, 'निबंध उत्तम, फक्त पुढील नऊ संदर्भांअभावी अपुरा वाटतो.' परीक्षकाचं नाव गुप्त ठेवायचं असतं, ते आम्ही ठेवलं. पण नऊच्या नऊ संदर्भांवर एकाच गृहस्थांचं नाव होतं, आणि नऊही आदिवासी नृत्यांवर!

सर लेखकाला कळवणार होते की यांतलं काही घालू नका. पण लेखक माझ्याकडून अभिप्राय घेऊन गेला होता आणि गरीब स्वभावाचा होता. दुसऱ्या दिवशी त्यानं निबंध सुधारून दिला. पहिलंच वाक्य होतं, 'तेल्या रोग एका बागेतून दुसऱ्या बागेत झपाट्यानं पसरतो. नृत्याचंही तसंच आहे.'

*

आंतरराष्ट्रीय किस्साही आहे आमच्याकडं.

आमच्या एका सहकाऱ्याला ईमेल आला. 'जगप्रसिद्ध विद्वान महोदय, आपला निबंध आमच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात तीन दिवसांत छापू.' सहकारी हरखला. वाघमोडे सरांनी ते नियतकालिक कॉम्प्युटरवर उघडलं, संपादक मंडळ बघितलं आणि पाणी मागितलं. मंडळात सातव्या क्रमांकावर स्वतः वाघमोडे सर होते. फोटोसकट! फोटो कॉलेजच्या गॅदरिंगमधला, गळ्यात हार घातलेला.

पत्ता शोधला तर हे आंतरराष्ट्रीय ऑफिस बारामतीतच निघालं. सरांनी गाडी काढली. मला माहेरी चक्कर मारायचीच होती, मीही बसले. पत्त्यावर गेलो तर फ्लेक्स छापायचं दुकान. दारात कुणाच्या तरी वाढदिवसाचा वीस फुटी बोर्ड वाळत घातलेला. आत एका कॉम्प्युटरवर बोर्ड आणि दुसऱ्यावर नियतकालिक.

मालक हसतमुख. सरांना बघताच ओळखलं, खुर्ची पुसून दिली. सर कडाडले, "माझं नाव, माझा फोटो, न विचारता?"

मालकाला खरंच कळेना की चुकलं काय. "सर, आमी बोर्डावर धा-धा शुभेच्छुक घालतो. कुणालाच इचारत न्हाय. ज्याचा फोटो घालंल त्यो खूश हुतो. ज्याचा ऱ्हातो त्यो येऊन भांडतो. फोटो घातला म्हनून भांडाय आल्यालं तुमीच पयलं!"

सरांनी त्याला तासभर समजावलं. संपादक म्हणजे काय, जबाबदारी म्हणजे काय, खोटं छापलं की ते वाचून पुढचा माणूस कसा फसतो. मालकानं चहा पाजला, मन लावून ऐकलं आणि आमच्यासमोर फोटो काढून टाकला.

महिन्याभरानं मी परत बघितलं. सरांचा फोटो नव्हता. तिथं माझा होता.

*

आता नानांचा.

नाना म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. पक्के शेतकरी, आवाज असा की फोनची गरज नाही. प्राचार्य निवडायच्या समितीचे प्रमुखही तेच. एक दिवस त्यांचा ड्रायव्हर लायब्ररीत पाकीट घेऊन आला. आत नानांचा शोधनिबंध! 'माझे सहकारातील अनुभव.' कुणीतरी टाइप करून दिलेला, पण शब्द नानांचेच. मी सरांना म्हटलं, "सर, डोळे झाका आणि छापा. इंटरव्ह्यू तोंडावर आलाय."

सरांनी नाव काढून निबंध विदर्भात पाठवला. तिथल्या परीक्षकांनी लिहिलं, 'मजकूर रंजक आहे, परंतु एकाही विधानाला संदर्भ दिलेला नाही. सध्याच्या स्वरूपात अस्वीकार्य.' सरांनी ते जसंच्या तसं नानांना कळवलं. मी त्या पाकिटावर पत्ता लिहायला नकार दिला. सरांनी स्वतः लिहिला.

पाकीट पोचलं त्याच दुपारी नाना हजर. लायब्ररीतल्या पोरांनी तोंडं पुस्तकात घातली. "संदर्भ न्हाय म्हनं! अवो सर, पंचेचाळीस वर्सं म्या सोसायटीच्या सभा बघितल्यात. आमच्या भागातल्या सहकाराचा संदर्भ कुणाला लागला तर लोक माज्याकडं येत्यात. मीच संदर्भ हाय!"

सर उभे राहिले, हात मागं बांधले, आणि म्हणाले, "नाना, मग तुम्हाला निबंधाच्या खाली, संदर्भांच्या यादीत जावं लागेल. वरती लेखक दुसरा बघावा लागेल."

मी टेबलाखालची पेन्सिल शोधायला वाकले ती नाना जाईपर्यंत वर आले नाही.

*

हा शेवटचा. तो मी हळदीकुंकवात सांगितला नाही, कारण मला नीट सांगता येत नाही.

सरांच्या दहा निबंधांत सगळ्यांत गाजलेला एक होता. निमगाव केतकी परिसरातल्या शेतकऱ्यांचा, ठिबक सिंचनामुळं ते समाधानी आहेत का, याचा. साठ शेतकऱ्यांना चाळीस चाळीस प्रश्न विचारून विद्यार्थ्यांनी फॉर्म भरलेले. आमच्याच पत्रिकेत बऱ्याच वर्षांपूर्वी छापलेला. सरांच्या डोक्यात आलं, त्याच साठ जणांना परत भेटू, आता काय परिस्थिती आहे बघू. कपाटातून जुने फॉर्म काढले आणि एका बाजारच्या दिवशी मीही भाजीच्या निमित्तानं बरोबर गेले.

पहिलं नाव महादू तात्यांचं. डाळिंब आणि टोमॅटो करणारे, सत्तरीचे, ताठ. सर म्हणाले, "तात्या, मागं तुम्ही आम्हाला माहिती दिली होती."

"म्या? कवा?"

सरांनी फॉर्म दाखवला. तीन एकर, ठिबक, समाधानी.

तात्यांनी कागद लांब धरून बघितला. "ह्यो म्या न्हाय. ठिबक तर आत्ता आत्ता बसवलं. त्या साली पाटानं पाणी देत हुतो. आन सर, मला आजपतूर कुणीबी कायबी इचारल्यालं न्हाय."

तिथून आम्ही दारोदार हिंडलो. बरेच जण बरोबर निघाले. पण एकोणिसाव्या नंबरच्या घरी म्हातारी म्हणाली, "त्येनला जाऊन तवाच दोन वर्सं झाल्ती." फॉर्मवर खूण होती, 'पूर्ण समाधानी'. संध्याकाळपर्यंत असे सोळा फॉर्म निघाले, सगळे एकाच हातचे.

त्या वेळी ते भरणारा विद्यार्थी आता इंदापुरात मोबाइलचं दुकान चालवतो. सरांना बघून पाया पडला आणि सगळं सांगून मोकळा झाला. "सर, ऊन लय हुतं. स्टँडवर रसवंतीत बसून भरलं. पन खरं सांगतो, म्या एकालाबी असमाधानी ठेवलं न्हाय!"

मला हसू फुटलं. सर हसले नाहीत. गाडीत बसल्यावर म्हणाले, "मॅडम, हा निबंध मागं घ्यावा लागेल."

इंटरव्ह्यूला दहा दिवस होते. दहातून एक गेला की नऊ, आणि नऊ म्हणजे सर अपात्र. मी चिडले. म्हटलं, "सर, कुणाची तक्रार नाही, कुणाला माहीत नाही. इंटरव्ह्यू होऊ द्या, मग घ्या मागं. महिन्याभरानं काय बिघडतंय?" सरांनी गाडी सुरू केली. मी पुढचं बोलले ते बोलायला नको होतं. म्हटलं, "वडलांचा तरी विचार करा."

"तोच करतोय," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सूचना लिहून दिली. 'माझ्या निबंधातील सोळा शेतकऱ्यांना प्रत्यक्षात कुणीही भेटलेलं नव्हतं. फॉर्म पडताळून पाहणं माझं काम होतं, ते मी केलं नाही. निष्कर्षांवर विश्वास ठेवू नये. निबंध मागे घेत आहे.' खाली पूर्ण नाव आणि सही. कुठलाही मजकूर छापण्याआधी सॉफ्टवेअरला लावायचा आमचा नियम, म्हणून मी हाही लावला. शून्य टक्के! इतक्या वर्षांत एकाही लेखकाला हा आकडा जमला नव्हता. मी स्क्रीन बंद केला आणि पदर तोंडाला लावून रडले.

सरांनी अर्ज मागं घेत असल्याचं ऑफिसला लेखी दिलं. नानांचा फोन आला, तो लायब्ररीतल्या सगळ्यांनी ऐकला. "नऊ काय आन धा काय, मोजतंय कोण?"

"मी मोजलेत, नाना."

"माजा लेख परत धाडायची छाती असल्याला मानूस मला आत बसवायचाय. तुमी निस्तं या. बाकीचं मी बघतो!"

सर म्हणाले, "बघतो," आणि फोन ठेवला. त्या 'बघतो'वर मी आठ दिवस आशा लावून बसले.

इंटरव्ह्यू सोमवारी अकराला, इंदापुरात. सोमवारी सकाळी सर लायब्ररीत आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. मला वाटलं, जिंकलो! सर म्हणाले, "मॅडम, निमगावला येता का? सोळातले तीन आता नाहीत. तेरा जणांची माफी मागायची राहिलीय."

साडेदहाला आम्ही तात्यांच्या शेडमध्ये. तात्या आणि त्यांच्या घरच्या काकी क्रेटमध्ये डाळिंबं भरत होते. सर उभ्यानंच म्हणाले, "तात्या, तुमच्या नावावर मी खोटं छापलं. माफी मागायला आलोय."

तात्यांनी हातातलं डाळिंब ठेवलं. "मंजी म्या न बोलताच समाधानी हुतो?"

"व्हय, तात्या."

"सगळ्या म्हाराष्ट्रात?"

"जिथं जिथं पत्रिका गेली तिथं."

तात्यांनी भरलेला क्रेट बाजूला सारला. मग म्हणाले, "आन आता म्या बोललो तर लिवशिला?"

सरांनी पिशवीतून कोरा फॉर्म काढला.

तात्या उठले. हातपाय धुतले, खुंटीवरची टोपी घालून आले, काकींना म्हणाले, "काम ऱ्हाऊं दे, हितं बस." बाज पुढं ओढली. सरांनी पहिला प्रश्न विचारला. एकेका प्रश्नाला तात्या असा विचार करायचे की मी घड्याळ बघून बघून थकले. विहीर किती फूट? तात्या म्हणाले पन्नास. काकी म्हणाल्या, "बावन्न. वरचं दोन फूट माज्या भावानं खणल्यात." त्यावर दहा मिनिटं. अकरा वाजले. मी मनात म्हटलं, अजूनही निघालो तर उशिरा का होईना पोचतो, इंदापूर काही लांब नाही. सर लिहीत होते. सव्वाअकरा. तात्या पाटाच्या पाण्यावर बोलत होते, सर मान हलवत होते, आणि मला कधीच एवढा राग आणि एवढं प्रेम एकदम आलं नव्हतं.

साडेअकराला बाजेवर ठेवलेला सरांचा फोन वाजला. स्क्रीनवर 'नाना'. सर लिहीतच राहिले. तो वाजून बंद पडला, परत वाजला. तिसऱ्यांदा वाजल्यावर तात्यांनी तो उचलला, इकडं तिकडं फिरवून हिरवं बटण दाबलं आणि कानाला लावला.

नानांचा आवाज शेडभर घुमला. "सर, बाहेरगावची मानसं येऊन बसल्यात! तुमच्यासाठी सगळं थांबवलंय! तुमाला प्राचार्य व्हायचंय का न्हाय?"

तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सर कामात हायती," ते म्हणाले. "माजं आजून अकरा प्रश्न ऱ्हायल्यात."

फोन पालथा घालून त्यांनी टोपी सारखी केली.

"हां. इचारा, सर."